पोरांना घरात मराठवाडी बोलू द्यायची का नाही?

गोदाकाठचा (मूळ गंगाखेड, सध्या पुणे)

बरेच दिवस डोक्यात होतं म्हणून धागा काढतोय. आपल्याकडची माणसं गाव सोडून बाहेर गेली की सगळ्यात आधी बोली सोडतात, हे मी आजूबाजूला सगळीकडं बघतोय. भाकर-ठेचा सुटत नाही, गावची जत्रा सुटत नाही, सोयरीक तर आपल्याच भागातली लागते, पण पुण्यात रूमवर राहायला लागलं की वर्षाच्या आत "मपलं, तुपलं" (माझं, तुझं) बंद, "काय करायलास" चं "काय करतोयस" होतं आणि मग लग्न होऊन लेकरं झाली की त्यांच्यासमोर ती बोली निघतच नाही. गावाकडून आईवडील आले की लेकरांना त्यांचं अर्धं बोलणं कळत नाही आणि आपण मधी बसून आपल्याच आईचं बोलणं आपल्याच पोराला समजावून सांगतो. याच्यात कुणाला वावगं वाटत नाही, उलट "पोराची भाषा किती स्वच्छ आहे" म्हणून कौतुक होतं.

मला याचं वाईट वाटतं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण मराठीचं जुनेपण सांगताना जी नावं घेतली जातात ती बघा कुठली आहेत. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईला, दासोपंत तिथलेच, ज्ञानेश्वरांच्या घराण्याचं गाव आपेगाव, नामदेव नरसीचे, गोरोबाकाका तेरचे, नाथमहाराज पैठणचे आणि जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. जनाबाईची भाषा दळणकांडण करणाऱ्या बाईची भाषा आहे, ती कुठल्या दरबारातून आली नाही. त्याच गोदावरीच्या काठचं पोरगं आज कॉलेजात तोंड उघडायला लाजतं.

तर विचारायचं हे की तुम्ही घरात लेकरांशी कसं बोलता, आणि बोली गेली तर नेमकं काय जातं? भाषणात सांगतात तसं नको, रोजच्या जगण्यातलं सांगा.

शिवारातून (जिंतूर तालुका)

चांगला इषय काढला भौ. मी शेती करतो, जसं बोलतो तसंच लिव्हतो.

आमच्याकडं जवारी गेली अन् तिच्यासंगं बोली गेली, हे मी डोळ्यानं पाह्यलं. आता जिकडं बगावं तिकडं सोयाबीन अन् कापूस. जवारी व्हती तव्हा काढणी, पेंढ्या बांधणं, बुचाड लावणं, मंग खळं करायचं, शेणानं सारवायचं, मदी तिवडा म्हंजी खांब रवायचा, त्याला बैलं जुपायचे, मळणी झाली की वावडीवर उभं ऱ्हाऊन वाऱ्यावर उपणायचं. रास पुजल्याबिगर माप लावायचं न्हाई, अन् पह्यल्या मापाला एक म्हणायचं न्हाई, "लाभ" म्हणायचं, मंग दोन तीन चार. येवढ्या सगळ्या कामात बोलायला शब्दच शब्द व्हते, गडीमाणसाचे निराळे अन् बायांचे निराळे. आता मशीन येती, घंट्यात पोते भरून जाती. पोराला तिवडा म्हणलं तर त्याला कळत न्हाई, अन् त्याचा काय दोष, त्यानं तिवडा पाह्यलाच न्हाई कधी.

म्हणून मी म्हणतो का नुसतं घरात बोलून बोली टिकत नसती. तिला काम पायजे. आजबी जिथं काम हाय तिथं ती टिकली. वाफसा घ्या, म्हंजी पेरणीजोगी ओल. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला येतो त्यात बी "वाफसा येताच पेरणी करा" असंच असतं अन् ते आमच्या म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत समद्यांना समजतं, कारण हातात ढेकूळ धरलं का वाफसा हाय का न्हाई ते ठावं असतं. अन् पीक इम्याचं बगा. 2025 च्या खरिपाआधी नुकसान झालं का 72 तासात कळवा म्हणायचे, अन् फोनवर जे पर्याय यायचे त्याची भाषा कुण्या शेतकऱ्याची व्हती ते मला आजपस्तोर कळलं न्हाई. पाणी वावरात तुंबलं तर ते कशात बसतं अन् वाहून गेलं तर कशात, हे इचारायला दुसऱ्याकडं जावं लागायचं. भाषा आपली नसली का आपलंच नुकसान आपल्याला सांगता येत न्हाई. माझ्या हिशोबानं हे जातं.

उदगीरची_लेक (उदगीर)

शिवारातून दादा, शेवटचं वाक्य अगदी बरोबर. मी नर्स आहे, माझ्या कामात हे रोजचं आहे.

आमच्याकडं नवीन डॉक्टर येतात, चांगले असतात, मेहनती असतात, पण बाहेरचे असतात किंवा सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं असतं. ते म्हाताऱ्या बाईला विचारतात दुखणं कसं आहे, शार्प आहे का डल. बाई गप. मी विचारते "मावशी, ठणकूलालंय का चमक निघूलालीय, का कळ येऊन जाऊलालीय?" की बाई लगेच बोलायला लागते. ठणका वेगळा, चमक वेगळी, कळ वेगळी, उसण भरणं वेगळं, मुंग्या येणं वेगळं, जीव घाबरा होणं तर अजूनच वेगळं आणि ते ऐकल्यावर पळतच ईसीजी काढावा लागतो. ही सगळी माहिती बाईकडं असते, नीट असते, फक्त तिला तिच्या बोलीत विचारणारं कुणीतरी पाहिजे. आमच्याकडं एका तरुण डॉक्टरनं हे शब्द वहीत लिहून घेतले, आता त्यांना माझी गरज लागत नाही, पेशंटशी थेट बोलतात आणि त्यांच्याकडंच रांग असते. माणसाचं दुखणं त्याच्या आईच्या भाषेत असतं असं मला तरी वाटतं.

दुसरं म्हणजे "शुद्ध" चं. आमच्या भागात कन्नड मिसळलेलंच आहे. येळवसला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात कडब्याची कोप करतो, पांडव मांडतो, आंबील आणि भज्जी नेतो आणि कोपीभोवती फिरताना जे ओरडतो त्या शब्दांचा अर्थ आमच्या आजीलाही सांगता येत नव्हता, ते पलीकडून कन्नडातून आलेत म्हणतात. म्हणून आमची येळवस कमी मराठी झाली का? त्या दिवशी लातूरचा बाजार बंद पडल्यासारखा होतो, पुण्यामुंबईची लेकरं सुट्टी काढून येतात. 2022 ला अखिल भारतीय साहित्य संमेलन आमच्या उदगीरला झालं, 95 वं, तेव्हा गावातली बायामाणसं मांडवात बसून ऐकत होती, ते बघून फार बरं वाटलं होतं. पण व्यासपीठावर आमच्यासारखं बोलणारं थोडंच होतं.

सिडकोतली_आई (छत्रपती संभाजीनगर)

सगळ्यांचं वाचलं, मनाला भिडलं, पण मी वेगळं बोलणार आहे.

मी लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून इंजिनिअरिंगला पुण्याला गेले. पहिल्या सेमिस्टरला प्रेझेंटेशनमध्ये एक वाक्य बोलले आणि मागच्या बाकावरून हसू आलं, त्यानंतर वर्षभर मी वर्गात प्रश्न विचारला नाही. उत्तरं येत होती तरी गप्प बसायचे. त्या वर्षभरात माझं जे नुकसान झालं ते कुठल्याही संतांच्या नावानं भरून निघत नाही. म्हणून मी माझ्या मुलीला इंग्रजी शाळेत घातलं, घरात प्रमाण मराठी बोलते आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. इंटरव्ह्यू घेणारा बोली बघून मार्क वाढवत नाही. ज्यांची नोकरी लागून गेली त्यांना बोलीचं प्रेम परवडतं, ज्यांची लेकरं अजून उभी राहायचीत त्यांनी काय करावं ते सांगा.

गोदाकाठचा

ताई, तुम्ही जे सोसलं ते खरं आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी थोडंफार सोसलंय. इंग्रजी शाळेला माझा विरोध नाहीच. पण चूक हसणाऱ्यांची होती ना? तुमचं वाक्य बरोबर होतं, उत्तर बरोबर होतं. हसणारे तसेच राहिले आणि बोली आपण सोडली, हे मला खुपतं. घरातला अर्धा तास तरी तिच्यासाठी ठेवता येतो.

वकील_बीड (बीड)

सिडकोतली आई यांनी जो मुद्दा काढलाय तो आपल्या भागात नवीन नाही, म्हणून जरा इतिहास सांगतो, लांबेल.

आपले तेव्हाचे पाच जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी जनता मोठी होती, पण कारभार आधी फारसीत आणि 1880 च्या दशकापासून उर्दूत. 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. देशी भाषेतून विद्यापीठ ही गोष्ट त्या काळात मोठी होती, ते मान्य केलं पाहिजे. पण बीडच्या कुणब्याच्या पोराला तीही परकीच भाषा. म्हणजे पुढं शिकायचं तर घरची भाषा दाराबाहेर ठेवायची, कचेरीत अर्ज द्यायचा तर लिहून देणाऱ्याला पैसे द्यायचे. त्यातून शहाणा माणूस म्हणजे कचेरीची भाषा येणारा आणि ज्याला ती येत नाही तो अडाणी, अशी जी विभागणी झाली ती लोकांच्या मनात घट्ट बसली. भाषा बदलली, पण ही सवय अजून तशीच आहे. तेव्हा उर्दू होती, आज इंग्रजी आणि पुण्याकडची मराठी.

त्या काळात ज्यांनी याला उत्तर दिलं त्यांनी शाळा काढल्या. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी विद्यालय. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिकवायचे, आणि अंबाजोगाईचं नाव तेव्हा मोमिनाबाद होतं. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा असा गश्ती निशाण 53 चा हुकूम होता. 1937 ला परतूरला महाराष्ट्र परिषद भरली तीसुद्धा अशाच वातावरणात. आणि ज्यांना शाळाच नव्हती त्यांच्याकडं भाषा राहिली ती कीर्तनात, दिंडीत आणि जात्यावर. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं, 1 नोव्हेंबर 1956 ला आपण मराठी मुलखात आलो, तोपर्यंत भाषा जिवंत ठेवली ती या लोकांनी.

आता आजची गोष्ट. 2023 पासून जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा तहसीलमधली निजामकाळची दप्तरं उघडली गेली. कागद उर्दूत, फारसीत, मोडीत. वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. माझ्याकडं जमिनीच्या दाव्यात आजही मुंतखब (इनाम जमिनीचे निजामकाळचे कागद) येतात, पक्षकाराच्या पणजोबाचं नाव त्यात असतं आणि घरातल्या एकालाही ते वाचता येत नाही. कागद घरचा, जमीन घरची, आणि वाचायला दुसरं कुणीतरी. आरक्षणाचं राजकारण इथं नको, मुद्दा एवढाच की लिपी आणि भाषा दोन पिढ्यांत हातातून जाते आणि मग आपणच कोण हे सिद्ध करायला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं.

दख्खनी (जालना)

वकीलसाहेब, चांगलं लिहिलंत आणि उर्दूबद्दल तोलून लिहिलंत म्हणून बरं वाटलं, कारण निजामाचा विषय निघाला की पुढचं वाक्य कुठं जाईल याची आमच्या घरात धास्ती असते.

माझी मातृभाषा विचाराल तर ती शाळेतली उर्दू नाही, दख्खनी आहे. अम्मी म्हणते "मेरेकू नक्को", "मैंच जाती", "अबीच आया". हे "नक्को" आणि प्रत्येक शब्दामागं लागणारा "च" कुठून आला ते तुम्हा लोकांना सांगायची गरज नाही. शेकडो वर्षं एका गल्लीत राहिल्याशिवाय असं होत नाही. वली आणि सिराज हे उर्दूचे मोठे शायर, दोघांच्याही नावामागं औरंगाबादी लागतं. वलीची गझल दिल्लीला पोचली आणि तिथले शायर फारसी बाजूला ठेवून या भाषेत लिहायला लागले, उर्दू शायरीचा इतिहास लिहिणारे सगळे हे सांगतात. पण आज आमच्या पोरांची गत तुमच्यासारखीच. लखनौकडची उर्दू म्हणजे तहजीब आणि आमची दख्खनी म्हणजे पिक्चरमधल्या कॉमेडीची भाषा. मदरशातले मौलाना सुद्धा पोरांना "नक्को मत बोलो, नहीं चाहिए बोलो" असं टोकतात.

माझं मोंढ्यात दुकान आहे. धंदा सगळा मराठीत, शेतकऱ्याशी भांडण मराठीत, माफी पण मराठीत, हिशेब मनातल्या मनात दख्खनीत. मला दोन्ही भाषा माझ्याच वाटतात. मला कुणी "तुमची भाषा कुठली" म्हणून एकच निवडायला लावलं तर मला माझा अर्धा भाग कापल्यासारखं होईल. म्हणून धागा काढणाऱ्या भाऊंना विनंती, मराठवाड्याची ओळख म्हणताना अम्मीची दख्खनी पण मोजा.

गोदाकाठचा

मोजतो दख्खनीभाई, मनापासून. नाथमहाराजांच्या भारुडातही हिंदू-तुर्क संवाद आहे आणि त्यात दोन्हीकडची भाषा आहे, ती पैठणच्या बाजारात रोज कानावर पडणारी भाषा असणार.

तांड्यावरून (किनवट)

मी जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे, स्वतः तांड्यावरचा. वरचं सगळं वाचून मला एक विचारायचंय, मातृभाषा वाचवा म्हणता तेव्हा कुणाची?

माझ्या वर्गात पहिलीला येणारं लेकरू गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलत येतं. त्याच्यासाठी आई म्हणजे याडी आणि भाकर म्हणजे बाटी. तुम्ही ज्या मराठवाडीसाठी हळहळताय ती त्याला दुसरी भाषा आहे, पुस्तकातली मराठी तिसरी, इंग्रजी चौथी. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला, जूनअखेर मागं घेतला, त्यावर टीव्हीवर इतकी चर्चा झाली पण त्यात आमच्या पहिलीतल्या लेकराच्या डोक्यावर आधीच किती भाषा आहेत हे कुणी बोललं नाही. जनगणनेत तर आमची भाषा हिंदीच्या खाली टाकलेली आहे, 2011 ला पण तसंच. लाखो लोक बोलतात, स्वतंत्र व्याकरण आहे, होळीच्या लेंगी आहेत, पोरगी सासरी जाताना गातात ते ढावलो आहेत, आणि कागदावर आम्ही हिंदीभाषक.

आता अनुभव सांगतो. पहिलीतली लेकरं पहिले काही महिने बोलतच नाहीत. आधीचे शिक्षक त्यांना "मंद" म्हणून रिपोर्ट करायचे. मी पहिल्या दिवशी "तारो नाम कांई छ?" विचारतो आणि सगळा वर्ग एकदम बोलायला लागतो. मग तिथून हळूहळू मराठीकडं आणतो, चित्र दाखवायचं, गोरमाटीत नाव, मराठीत नाव, दिवाळीपर्यंत वाचायला लागतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तिथं घरच्या भाषेतून शिकवा असं लिहिलंय, पण गोरमाटी येणारा शिक्षक तांड्यावरच येईल याची सोय बदल्यांच्या यादीत नाही. आणि दिवाळीनंतर अर्धी लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, कुणाची टोळी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणाची थेट कर्नाटकात. उचल घेतलेली असते, मुकादम थांबू देत नाही. चारपाच महिन्यांनी परत येतात तेव्हा अक्षरं विसरलेली असतात पण फडातली कन्नड आलेली असते. लेकराच्या डोक्यात भाषेला जागा कमी नाही. कमी पडतात ती माणसं, जी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलतील.

मला मराठीबद्दल आकस नाही, मी मराठीतच शिकवतो आणि मराठीनंच मला नोकरी दिली. पण पुण्यात तुमच्या "मपलं" ला हसतात तेव्हा जे वाटतं ते आमच्या लेकरांना तालुक्याच्या शाळेत वाटतं, आणि तिथं हसणारे मराठवाडीच बोलणारे असतात.

शिवारातून

मास्तर, तुमचं खरं हाय. आमच्या गावाला लागून तांडा हाय, ल्हानपणी आमी बी हसायचो त्यांच्या बोलण्याला, कामून हसायचो तेबी ठावं नव्हतं. पुढच्या येळी पोरापुढं हा इषय काढतो.

सीमेवरचा (देगलूर)

मी देगलूरचा, घरात आजी तेलुगू, आई मराठी, बाजारात दोन्ही, पलीकडं बिदरकडच्या सोयऱ्यांत गेलो की कन्नड. आमच्याकडं तीन भाषा येणं ही हुशारी समजत नाहीत, ते सगळ्यांनाच येतं. 1956 ला राज्यांच्या रेषा भाषेवर ओढल्या, बिदर-भालकी कर्नाटकात गेलं, तिथं आजही घराघरात मराठी आहे, सप्ताह होतात, पंढरीला दिंड्या जातात. सरकारी बोर्ड कन्नड, पोरं शाळेत कन्नड आणि इंग्रजी शिकतात, तरी घरची मराठी गेली नाही कारण तिची कुणाला लाज वाटली नाही. आणि इकडं महाराष्ट्रात राहून, मराठी राजभाषा असून, आपल्या लोकांची बोली दोन पिढ्यांत जातेय. म्हणून सिडकोतली आई यांना सांगतो, इंग्रजी शाळेमुळं बोली जात नाही, पोरीला खुशाल शिकवा, लागेल तेवढं इंग्रजी शिकवा. तिच्यासमोर आजीच्या बोलण्याला कुणी "गावठी" म्हणालं नाही म्हणजे झालं.

मिलिंदचा_विद्यार्थी (मूळ माजलगाव)

सीमेवरचा यांच्याशी सहमत, फक्त लाज कुठून येते ते बोललं पाहिजे. आमच्या वस्तीतल्या माणसानं तोंड उघडलं की बोलीवरून गाव कळायचं आणि गावाबरोबर जातही कळायची. त्यामुळं "शुद्ध बोल" हे आमच्यासाठी कधीच नुसतं व्याकरण नव्हतं.

बाबासाहेबांनी 1950 ला औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद. तिथं खेड्यापाड्यातून पहिल्यांदाच शिकायला आलेली पोरं आपापली बोली घेऊन आली आणि त्यांनी त्याच बोलीत लिहायला सुरुवात केली. औरंगाबादहूनच गंगाधर पानतावण्यांनी अस्मितादर्श हे त्रैमासिक चालवलं. ज्या शब्दांना पाठ्यपुस्तकात जागा नव्हती ते शब्द छापून आले आणि मराठी साहित्याला ते वाचावेच लागले. आणि बाबासाहेब स्वतः बघा, अभ्यासाचे ग्रंथ इंग्रजीत, पण 1920 ला मूकनायक काढलं ते मराठीत, 1927 ला बहिष्कृत भारत काढलं तेही मराठीत. जगाशी बोलायला इंग्रजी आणि आपल्या माणसांशी बोलायला मराठी. ताई, तुमच्या मुलीलाही दोन्ही मिळू द्या, तिच्यासाठी एक सोडायची गरज नाही.

अजून एक. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) वेबसाइटवर ऐकायला मिळतात. त्यात आमच्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या आहेत. या बायांना शाळा मिळाली नव्हती, पण त्यांना काय वाटत होतं ते त्यांच्या आवाजात, त्यांच्या उच्चारात आहे. त्या ओव्या प्रमाण भाषेत लिहून बघा, चाल तुटते, सूर तुटतो, ती बाईच त्यातून निघून जाते. माझी मावशी ओव्या म्हणायची, तिचं काहीच रेकॉर्ड नाही आमच्याकडं. ज्यांच्या घरी अजून कुणी म्हणणारं आहे त्यांनी या आठवड्यातच मोबाईल समोर ठेवा.

उदगीरची_लेक

रेकॉर्ड करताना एक करा, बाईला "ओवी म्हणा" म्हणून समोर बसवू नका, ती लाजते. हाताला काहीतरी काम द्या, निवडणं, टिपणं, काहीही. हात चालला की आपोआप सुरू होतं. आणि पंखा बंद करा, आवाज खराब येतो.

तांड्यावरून

लिहून घेताना जसं ऐकू येतं तसं देवनागरीत लिहा, सुधारू नका. आम्ही गोरमाटीचं असंच करतोय, शब्द लिहिला की पुढं तांड्याचं नाव लिहितो, कारण किनवटचा उच्चार आणि जिंतूरकडचा उच्चार सारखा नाही. नंतर कुणी अभ्यास करायला आलं तर त्याला कळेल.

वकील_बीड

मोडी आणि उर्दूच्या बाबतीतही म्हणतो, घरात जुने कागद असतील तर लॅमिनेशन अजिबात करू नका, आधी चांगल्या उजेडात फोटो काढा, पाठीमागच्या शिक्क्याचाही. शिक्क्यावरची तारीख बहुतेक वेळा फसली सनात (निजामकाळच्या कारभारातली कालगणना) असते.

सिडकोतली_आई

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं मत इंग्रजी शाळेबद्दल बदललेलं नाही. पण सीमेवरचा म्हणाले त्यातलं एक खरं आहे, माझ्या मुलीनं तिच्या आजीला एकदा "तू चुकीचं बोलतेस" म्हटलं होतं आणि आजी त्यानंतर तिच्याशी जपून बोलते, ते मला आत्ता जाणवतंय.

शिवारातून दादा, मुलीच्या शाळेत पावसावर प्रोजेक्ट आहे. आजीनं तिला "म्हातारा पाऊस" सांगितला पण तो कधीचा ते तिला नीट सांगता येईना. तुमच्याकडं पावसाची नावं कशी आहेत, लिहाल का? तिला आजीचं नाव घालून प्रोजेक्ट करायचाय.

शिवारातून

लिव्हतो की ताई. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिसाचं धरायचं.

जूनच्या पह्यल्या आठवड्यात मिरीग निघतो, तवा पेरणीची गडबड. मंग आडदरा, जूनच्या अखेरीला. जुलै लागला की पुनर्वसू, त्याला आमी तरणा पाऊस म्हणतो, जोरात येतो. त्याच्यामागून पुष्य, तोच म्हातारा, जुलैच्या शेवटाला, हळूहळू पण लांबत ऱ्हातो. ऑगस्टात आसळका, म्हंजी आश्लेषा. मंग मघा, हा सासूचा पाऊस, अन् पूर्वा सुनेचा, सप्टेंबर लागताना. कोण जास्त पडतं त्याच्यावर बाया एकमेकीला लई बोलत्यात. मंग उत्तरा, अन् सप्टेंबरच्या शेवटाला हस्त, आमी हत्ती म्हणतो. हत्तीचा पाऊस झाला तर रब्बीची जवारी अन् हरभरा चांगला येतो. त्याच्यानंतर चित्रा अन् स्वाती, तो पाऊस काढलेल्या सोयाबीनवर पडला का नुकसान.

आजीकडं नावं येगळे असतील तर आजीचेच लिव्हा, लातूरकडं काही काही निराळं म्हणत्यात. अन् ते हितं बी टाका, मला बी पायजेत.